बसथांब्यावरची पाटी

३ डिसेंबर

ठकू,

तुझा पत्ता मावशीनं दिला. तिच्यावर रागावू नकोस. ती देतच नव्हती. मी तिच्या स्वयंपाकघरात पाऊण तास गप्प बसून राहिलो, तेव्हा वैतागून तिनं डब्याखालून चिठ्ठी काढली आणि म्हणाली, "घ्या भाऊजी, पण माझं नाव सांगू नका." ते मी सांगून टाकलं.

सहा वर्षांनी लिहितोय, कुठून सुरुवात करावी कळत नाही. हवापाण्यापासून करतो. तुझी आई म्हणायचीच, तुम्हाला बोलायला दुसरं असतं काय.

यंदा थंडी लवकर आली. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच वरच्या खिंडीत गुडघाभर बर्फ. खाली समुद्राच्या बाजूला नुसता पाऊस, तोही आडवा. आपलं गाव मधे, त्यामुळे आपल्या वाट्याला दोन्ही येतं. सकाळी बर्फ, दुपारी त्याचा चिखल, संध्याकाळी त्याच चिखलाची काच. बोटवाल्यानं होडी वर ओढून पालथी घातली आहे आणि रोज जाऊन तिच्याकडे बघून येतो. मार्चपर्यंत त्याला तेवढंच काम.

शाळेतल्या सभागृहातली मोठी शेगडी सुरू झाली. ज्यांच्या घरात लाकूड कमी, ते दुपारी तिथे जाऊन बसतात. ज्यांच्या घरात भरपूर आहे तेही बसतात, कारण बातम्या तिथेच कळतात. मोठ्या बाई अजून शाळेतच आहेत. निवृत्तीला दोन वर्षं राहिली म्हणतात, पण हे त्या चार वर्षांपासून म्हणतायत.

मी ठीक आहे. बर्फगाडी अजून मीच चालवतो, रस्ता मीच मोकळा करतो. पात्याला गंज चढला होता, तो घासून काढला. समुद्राचा वारा लोखंडाला सोडत नाही. खिंडीखालच्या वळणावरच्या बसथांब्याची भिंत मात्र पडली आहे. कशानं ते नीटसं कळलेलं नाही. वारा असेल.

ओळी वाकड्या आल्या असतील. बोटं गारठली आहेत.

बाबा

१७ डिसेंबर

ठकू,

उत्तराची वाट बघून लिहीत नाही. पहिल्या पत्रात एक खोटं लिहिलं होतं, ते दोन आठवडे डोक्यात कुरतडतंय.

बसथांब्याची भिंत मी पाडली. सकाळी नऊ वाजता, लख्ख उजेडात, बर्फगाडीच्या पात्यानं. मला ती दिसलीच नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डाव्या डोळ्यानं आता फक्त उजेड आणि अंधार कळतो, उजव्या डोळ्यानं सगळं तेलकट कागदातून बघितल्यासारखं दिसतं. बोटं गारठलेली नव्हती. ओळी डोळ्यांमुळे वाकड्या येतात.

मला वाटायचं, हे कुणाला माहीत नाही. रस्ता मला पाठ आहे. चौतीस वळणं, कुठे उतार, कुठे कठडा संपतो, सगळं अंगात बसलंय. शिवाय गेल्या हिवाळ्यापासून रस्त्याच्या दोन्ही कडांना उंच काठ्या रोवलेल्या असतात, भडक नारिंगी रंगाच्या, दर दहा पावलांवर एक. मी समजत होतो, बाहेरून येणाऱ्या गाड्यांसाठी असतील. बरी सोय झाली म्हणायचो.

दूधवाली तुला आठवत असेल, तुझ्यापुढे दोन वर्ग होती, भांडखोर. आता सगळ्या गावाचं दूध तीच खिंडीपलीकडे नेते. भिंत पडली त्या दिवशी मागून तिचीच गाडी येत होती. उतरली, विटांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काका, आता काठ्या पुरत नाहीत ना?"

मी म्हटलं, "कसल्या काठ्या?"

"ज्या आम्ही तुमच्यासाठी लावतो त्या. सुतार कापतो, मोठ्या बाई शाळेतल्या पोरांकडून रंगवून घेतात, मी रोवते. सगळ्या गावाला माहीत आहे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कोणी बोलत नव्हतं."

मी गाडीच्या पायरीवर बसलो. तिनं एकटीनं विटा रस्त्यातून बाजूला केल्या. मग मी तिच्या हातात किल्ली दिली. जाताना वाटेत तिनं विचारलं, "पातं खाली घ्यायचा दांडा कुठला?" एवढंच. आता बर्फगाडी तीच चालवते; मीच चालवतो असं लिहिलं होतं, तेही खोटंच. पहिले चार दिवस मी शेजारी बसलो. ती चांगली चालवते, फक्त गाडीला शिव्या फार देते.

त्या भिंतीवर एक पाटी होती. तू गेल्यावर लावली, त्यामुळे तू ती बघितलेली नाहीस. गावानं वर्गणी काढून दगडात कोरून घेतली. त्यावर तुझ्या आईचं वाक्य आहे. कुठलं, ते तुला माहीत आहे. तिला पोचवून आलो त्या संध्याकाळी, सगळ्यांच्या देखत तू म्हणाली होतीस, "आई असं म्हणणार नाही." आणि बॅग उचलून चालू लागलीस.

पाटीचे दोन तुकडे झाले आहेत. त्याबद्दल पुढे कधीतरी लिहीन. आज डोळे दमले.

बाबा

१२ जानेवारी

ठकू,

बसून वाच. हे पत्र लिहायला मला तीन दिवस लागले.

मागच्या रविवारी वादळ सुरू झालं ते बुधवारपर्यंत थांबलं नाही. वीज पहिल्याच दिवशी गेली. समुद्राचं पाणी धक्क्यावरून उडून रस्त्यावर येत होतं आणि तिथेच गोठत होतं. खालच्या आळीतली माणसं अंथरुणं घेऊन शाळेत आली. मीही गेलो. साठएक जण असू. नर्सबाईंनी एका वर्गात आजाऱ्यांची सोय केली होती. तिथे दूधवालीची मुलगी होती, पाच वर्षांची. छातीत कफ भरला होता, ताप उतरत नव्हता, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात होत्या. रस्ता बंद, बोट निघणं शक्य नाही. नर्सबाई म्हणाल्या, औषध दिलंय, आज आणि उद्या काढले तर निभावेल.

बुधवारी सकाळी वारा जरा पडला आणि मोठ्या बाईंच्या फोनवर वरच्या वस्तीतून निरोप आला. तिथे आता तीनच घरं उरलीत. त्यातल्या एकाचं छप्पर बर्फाच्या वजनानं बसलं होतं. मेंढ्या पाळणारा म्हातारा आणि त्याची बायको गोठ्यात जाऊन बसले होते, तिसरी त्यांची सून. म्हाताऱ्याचा पाय अडकून मोडला होता. जळण छपराखाली गाडलेलं. पुन्हा वारं सुटायच्या आत कुणी आलं नाही तर काही खरं नाही, असं सून म्हणाली आणि फोन बंद पडला.

सगळ्यांचे डोळे दूधवालीकडे वळले. बर्फगाडी चालवणारी आता तीच.

ती वर्गाच्या दारात उभी होती. म्हणाली, "मी आज नाही जाणार. पोरीला सोडून नाही जाणार."

कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. सगळे समजुतीनं बोलायला लागले. दुकानदार म्हणाला, पोरगी नर्सबाईंच्या हातात आहे. सुतार म्हणाला, तिकडे तीन जीव आहेत. आणि मग बोटवाला, बिचारा, अगदी हळू आवाजात म्हणाला, "काकूंनी काय म्हटलं होतं ते आठव. काकांच्या घरात त्या दिवशी याच्यापेक्षा वाईट होतं."

मग ते वाक्य सगळ्या खोलीत फिरलं. कुणीतरी अर्धं म्हटलं, कुणीतरी पुरं केलं. "जा तुम्ही, तिकडे लोक वाट बघतायत." नव्या पोरांना तर ते शाळेत शिकवतात. माझ्याकडे बघून माना हलवत होते, आदरानं. मला धुरकट दिसत होतं तरी ते कळलं.

आणि दूधवालीनं खिशातून हातमोजे काढले.

तिनं एक बोट आत घातलं, दुसरं घातलं. चेहऱ्यावर काही भाव नव्हता. माझ्यासमोर सहा वर्षांपूर्वीची सकाळ उभी राहिली. मी उठलो. खुर्ची मागे पडली त्याचा आवाज झाला, म्हणून सगळे गप्प झाले.

मी म्हटलं, "ती असं म्हणाली नव्हती."

मोठ्या बाईंना वाटलं मला चक्कर येतेय. "बसा काका," म्हणाल्या.

"बसत नाही. ती असं म्हणाली नव्हती. ती म्हणाली होती, अहो, आज नका जाऊ. माझी बाही धरून म्हणाली होती. मी तिचा हात सोडवला आणि गेलो. ते वाक्य माझं आहे. मी नंतर बनवलं."

ठकू, तुझ्या आधी हे साठ जणांना कळलं. हे पत्र तुला आधी पोचायला हवं होतं. पण मी सहा वर्षं थांबलो, आणि ती बाई हातमोजे घालत होती.

ते वाक्य कसं झालं तेही सांगतो. खिंडीत अडकलेल्या बसमधल्या अकरा माणसांना घेऊन मी खाली आलो, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. नर्सबाई आपल्या दारात उभ्या होत्या. त्यांच्या तोंडाकडे बघूनच मला कळलं. त्यांनी विचारलं, "त्यांना असं दुखत असताना तुम्ही गेलात कसे?" त्यांना नुसतं आश्चर्य वाटलं होतं. मी म्हटलं, तीच म्हणाली, जा. तोंडातून निघालं. नर्सबाईंनी ते बसमधल्या लोकांना सांगितलं, ते रडले, आणि संध्याकाळपर्यंत ते खरं झालं. तू आलीस तेव्हा मला ते परत घेता आलं नाही. तू एकटीच खरं बोललीस आणि सगळं गाव तुझ्यावर नाराज झालं. मी ते होऊ दिलं.

दूधवालीनं हातमोजे काढून माझ्या हातात ठेवले आणि आत पोरीजवळ जाऊन बसली.

पण वर तीन माणसं होतीच. ती काही माझ्या बोलण्यानं नाहीशी होणार नव्हती. मी म्हटलं, "रस्ता मला येतो, दिसत नाही. ज्याला दिसतं त्यानं चाक धरावं." दुकानदाराचा हात मोडलेला, सुताराला गाडी येत नाही. शेवटी मोठ्या बाई म्हणाल्या, "मला माझी ती छोटी गाडी येते."

"ही तशीच आहे," मी म्हटलं. "फक्त नऊ टनांची."

तर मोठ्या बाईंनी चष्म्याला दोरी बांधली आणि चढल्या. मी शेजारी बसलो. पुढे वीस माणसं फावडी घेऊन चालली, काठ्या शोधत, पुरलेल्या उकरून काढत. मी वळणं सांगत होतो. "आता डावीकडे, लांबट. आता कठडा संपला, आत राहा. आता पातं वीतभर वर." मोठ्या बाई प्रत्येक वेळी "हो" म्हणत होत्या, वर्गात पोरं हजेरी देतात तसं. अकराव्या वळणावर मागचं चाक घसरलं, गाडी तिरकी झाली आणि खाली समुद्राचा आवाज एकदम जवळ आला. त्यांनी मला विचारलं, "आता काय करू?" मी म्हटलं, "काहीच करू नका. ब्रेकवरचा पाय काढा." त्यांनी काढला. गाडी थांबली. मग त्या म्हणाल्या, "तुमची बायको माझ्याकडून गोष्टीची पुस्तकं न्यायची. फार हसायची वाचताना." आणि पुन्हा गियर टाकला.

पाच तास लागले वर जायला. तिघं जिवंत होती. म्हाताऱ्याला दारावर निजवून खाली आणलं. त्याचा पाय वाचेल असं वाटतंय.

दूधवालीच्या पोरीचा ताप शुक्रवारी उतरला. मी नर्सबाईंना विचारलं, ती जवळ होती म्हणून का? त्या म्हणाल्या, नाही, औषधानं. पण रात्रभर पोरगी आईचं बोट सोडत नव्हती, हे त्यांनीच सांगितलं.

बाबा

२ फेब्रुवारी

ठकू,

तुझं उत्तर नाही. नसू दे.

रस्ता उघडला, वीज आली. माझं म्हणशील तर, गावात काही जण मला बघून रस्ता ओलांडतात. मला ते आता रंगावरूनच ओळखावं लागतं, लाल कोट पलीकडे गेला म्हणजे दुकानदाराची बायको. मावशी तर अजून बोलत नाही. बहीण होती तिची. तिनं फक्त एवढं विचारलं, "माझ्या बहिणीच्या नावावर सहा वर्षं तुम्ही हार घालून घेतलेत?" मी हो म्हटलं.

बोटवाला परवा घरी आला. तू ओळखतेस, त्या बसमध्ये तो होता. खुर्चीत बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली, अर्धा तास समुद्राबद्दल बोलला. मग म्हणाला, "काका, आम्ही अकरा जण. त्यातले दोघं नंतर गेले, नऊ उरलो. आम्हाला वाटायचं, त्या माउलीनं आम्हाला जीव दिला. मी रोज थांब्यावरून जाताना मान खाली घालायचो. आता काय करायचं?"

मी म्हटलं, "तिनं दिला नाही. मी तिच्याकडून ओढून आणला आणि तुम्हाला दिला. परत घेता येत नाही."

त्यानं टोपी गुडघ्यावर एकदा फिरवली. म्हणाला, "तुम्ही आला नसता तर आम्ही मेलो असतो, हे तर खरं ना?"

"ते खरं."

"आणि तुम्ही गेला नसता तर त्या वाचल्या असत्या?"

"नर्सबाई म्हणतात, नाही. पण मी तिथे असतो."

तो उठला. दारात थांबून म्हणाला, "उद्या पाणी आणून देतो, पायऱ्यांवर बर्फ आहे." रोज येतो आता. आम्ही त्या विषयावर बोलत नाही.

गवंड्यानं भिंत परत बांधली. पाटी जोडून लावायची का असं विचारायला आला. मोठ्या बाईंनी परस्पर सांगितलं, नको. भिंत कोरी आहे. पोरांनी तिच्यावर एक होडी काढली आहे म्हणे, कोळशानं.

डोळ्यांचं ऑपरेशन वीस मार्चला ठरलं. तुझ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात, आमच्याकडे ते होत नाही. दूधवाली सोबत येते म्हणाली आहे, म्हणजे माझी अडचण अशी काही नाही. तारीख तुला कळावी म्हणून लिहिली.

बाबा

२१ फेब्रुवारी

ठकू,

तुझं पत्र आलं. एवढ्या बारीक अक्षरात लिहायची तुझी सवय जात नाही, मला भिंग लावूनही जमेना. मोठ्या बाईंकडून वाचून घेणार होतो, पण अर्ध्या वाटेतून परत आलो. दुपारी ऊन पडलं तेव्हा खिडकीत बसून एकेक अक्षर लावलं. दोनच ओळी होत्या. "त्या दिवशी सकाळी काय झालं ते सगळं लिहा. चांगलं करून लिहू नका."

लिहितो.

ती पहाटेपासून जागी होती. छातीत जड वाटतंय म्हणाली, डावा खांदा चोळत होती. मी तिला कोमट पाणी दिलं. तिनं अर्धं प्यायलं. आठ वाजता नर्सबाईंना फोन केला. त्या खालच्या आळीत होत्या, तासाभरात येते म्हणाल्या. मग आम्ही दोघं पलंगावर बसलो. तुझ्याबद्दल बोललो. तू नव्या खोलीसाठी पडदे घेतले होतेस, तिला रंग आठवत नव्हता. मी म्हटलं निळे. ती म्हणाली, नाही, हिरवे. कुठले होते?

साडेआठला फोन वाजला, बसचा. अकरा माणसं, इंधन संपत आलेलं. मी बूट घालायला लागलो. तिनं माझी बाही धरली. "अहो, आज नका जाऊ." मी म्हटलं, "तासाभरात येतो." मला माहीत होतं तासाभरात होणार नाही. तिलाही माहीत होतं, या रस्त्याबरोबर तिनंही तीस वर्षं काढली होती. ती पुन्हा म्हणाली, "मला भीती वाटतेय." हे मी शाळेतही सांगितलं नाही. हे फक्त तुला.

मी एकेक बोट करून तिचा हात सोडवला. जोर लावावा लागला, ठकू. पलंगावर तिची उशी नीट केली आणि निघालो. मला वाटलं होतं, ती आता बोलणार नाही. मी दारात पोचलो तेव्हा बोलली. रागानं नाही, रोज बोलायची तशीच. म्हणाली, "मग दार नीट ओढून घ्या. वारं आत येतंय."

हे तिचं शेवटचं बोलणं. दुसरं काही नव्हतं.

मी दार ओढलं, बाहेरून दाबून बघितलं. नीट बसलं होतं.

बाबा